फरशीवरून फिरणारा तळहात

कुणाचंही जड सामान हलवायचं असलं, की मामा आधी चपला बाहेर काढत, फरशीवर उकिडवे बसत आणि उजवा तळहात दारापासून भिंतीपर्यंत सावकाश फिरवत जात. मध्येच थांबून बोटाला चिकटलेला वाळूचा कण दाखवत. "हितं हाय बगा एक."

तासगावच्या बाजारात बेदाण्याच्या पेट्या उचलणारा हा माणूस, नात्यानं कुणाचा नव्हे, सगळ्या गल्लीचाच मामा. नव्वद सालानंतर आमच्याकडे जो तो नव्या घरात पांढरी फरशी घालायला लागला आणि कपाटं आत न्यायला मामांना बोलावणी यायला लागली. तुम्हीही असा हमाल पाहिला असेल, दुसऱ्याचं घर मालकापेक्षा जास्त जपणारा. कपाट कलवून खाली दुमडलेलं पोतं सारायचं, मागून दोघांनी ढकलायचं आणि मामा पुढून पोतं ओढत उलटे चालणार. दर दोन पावलांनी म्हणणार, "घाई कुनाला हाय?"

त्यांच्या डाव्या पायाच्या अंगठ्याला नख नव्हतं. मी एकदा विचारलं, तर हसले. "एक नख गेलं तर जाऊंदे मास्तर. पाय हायत तवर घर चालतंय." घरात मिळवणारे ते एकटेच होते.

आमच्या वास्तुशांतीच्या आदल्या दिवशी ते येऊन फरशी बघून गेले. आरशासारखी फरशी, मी स्वतः उभं राहून घासून घेतलेली. मामांचा तळहात भिंतीपर्यंत न अडखळता गेला.

"कपाट आजच आनतो. फरशी मोकळी हाय तवर."

आई म्हणाली, "आवं, पूजेआधी जुनं सामान आत कसं आणायचं? उद्या दुपारी आणा."

जाताना उंबऱ्यापाशी वळून मामांनी पुन्हा एकदा फरशीकडे पाहिलं. मला ते पाहणं आवडलं नाही, पण मी आईचंच ऐकलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी आजोबांचं सागवानी कपाट दारात आलं, तेव्हा फरशीभर अक्षता पसरल्या होत्या. नारळाचं पाणी सांडून वाळलं होतं. मामा उकिडवे बसले आणि तळहात टेकताच थांबले.

"वैनी, वाटेपुरतं झाडून घ्या."

"आज झाडायचं नसतं भावजी. लक्ष्मी जाते घरातली."

मामांनी माझ्याकडे पाहिलं. शाळेत मुलांना विज्ञान शिकवणारा मी. तेव्हा मी एवढंच म्हणालो, "मामा, फरशीला ओरखडा मात्र नको." त्या वाक्याची मला आजही लाज वाटते.

त्यांनी हातानंच जमेल तेवढे तांदूळ बाजूला सारले. आईची नाराजी दिसली तसा हात आखडता घेतला. कपाट पोत्यावर चढलं. त्या दिवशी ते एकदाही "घाई कुनाला हाय" म्हणाले नाहीत. खोलीच्या मध्यावर पोत्याखाली दाणे करकरले, पोतं सर्रकन निसटलं आणि कपाटाचा कोपरा पोतं सोडून फरशीकडे आला. मामांना मागं सरता आलं असतं. दोन पावलं मोकळी जागा होती. त्यांनी पाय पुढं घातला.

ते ओरडले नाहीत. आम्ही कपाट उचलून धरलं, तेव्हा घामानं डबडबलेला चेहरा वर करून म्हणाले, "फरशी बगा आदी."

फरशीला काही झालं नव्हतं.

सांगलीच्या दवाखान्यातून ते दीड महिन्यानं परतले. पाऊल राहिलं, पण ओझ्याखाली पुन्हा उभं राहिलं नाही. वर्षभरानं ते घर मोडून लेकीकडे आष्ट्याला निघाले. जाताना काठी टेकत आमच्या दारात आले. आई आतून बाहेर आलीच नाही. मी "आत या" म्हणालो, तर चप्पल एका पायातून निघाली, दुसऱ्यातून निघेना. मग उंबऱ्यातच बसले. हात लांबवून जेवढी पोचेल तेवढ्या फरशीवरून त्यांनी तळहात फिरवला, एके ठिकाणी थांबले आणि वाळूचा एक कण माझ्या हातावर ठेवला.

"हितं हुता बगा एक," म्हणाले, आणि काठी शोधू लागले.