विरतंय तोवर

लाँड्रीच्या काउंटरमागे, खिडकीला लागून मान खाली घालून बसलेल्या बाईला सगळे रफूताई म्हणत. लाँड्री तिच्या थोरल्या भावाची. बोलायचं काम त्याचं, सुई हिची. कापडाच्याच आतल्या शिवणीतून धागा काढून ती तो असा विणायची की भोक कुठं होतं ते गिऱ्हाइकालाही सापडू नये.

एकदा मात्र उलटंच झालं. एक वकीलबाई आपला काळा कोट घेऊन परत आल्या. "रफू झकास झालाय हो, पण भोक आहे तिथंच आहे. तुम्ही शेजारच्या चांगल्या कापडावरच हात चालवलात."

दादानं कोट उजेडात धरला. भोक खरंच डोळे वटारून बघत होतं. "बाई, याला आगाऊ सेवा म्हणतात," तो म्हणाला. वकीलबाई हसल्या. रफूताईला हसू आलं नाही. तिला अजूनही एकाला एक चिकटलेली तीन भोकं दिसत होती, आणि खरं कोणतं ते कळत नव्हतं.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी दोन्ही डोळ्यांची मापं काढली. बुबुळावरचा पारदर्शक पडदा पातळ होऊन पुढं टोकदार होत चालला होता. डावा डोळा बराच गेलेला. कामाचा उजवा, आणि तोही मागच्या मापाहून बिघडलेला.

"कडक लेन्स घालून वाट बघता येईल," त्या म्हणाल्या. "दिसेल छान, पण आजार थांबणार नाही. नाहीतर आताच छोटी शस्त्रक्रिया करू. थेंब आणि किरण देऊन पडदा घट्ट करायचा."

"मग पूर्वीसारखं दिसेल?"

"नाही. आहे तिथं थांबेल, बहुतेकांचं थांबतं. थोडा धोका आहे, तो लपवत नाही."

पूर्वीसारखं! तिला दुसरं हवं तरी काय होतं? बारीक लोकरीतला सुईच्या टोकावर उचललेला एक धागा. एकटा, स्वच्छ. लहानपणी आईच्या मांडीला टेकून तिनं तो पहिल्यांदा पाहिला, तेव्हा आई कुजबुजली होती, "श्वास सोडू नकोस, पळेल तो." आता समोर धाग्यांचा घोळका असायचा, आणि तिचा जीव त्या एकट्या धाग्यासाठी तुटायचा.

घरी येताच दादा म्हणाला, "लेन्स घे. एक वर्ष बघू. असलेल्या एका डोळ्याला हात लावू देणार नाही मी."

"आणि तोवर आणखी बिघडलं तर?"

"तेव्हाचं तेव्हा."

"गिऱ्हाइकांना काय सांगतोस रे रोज? 'कापड विरतंय तोवर आणा, फाटल्यावर आणून काय उपयोग?'"

"कापडाची गोष्ट वेगळी, बये. कापड दुसरं घेता येतं."

"म्हणूनच म्हणते."

दादानं उगाचच घडी मोडून सदरा पुन्हा इस्त्रीला घेतला. दुसऱ्या दिवशी दवाखान्यात फोन मात्र त्यानंच केला.

शस्त्रक्रियेनंतर डोळा फार चुरचुरला. ती पडून राही आणि दादा बाहेर गिऱ्हाइकांना थापा मारी, "रफूताई रजेवर आहे, परदेशी गेलीय." पुढल्या तपासण्यांत माप वाढलं नव्हतं. डॉक्टरीणबाई खूश झाल्या. तिनं आभार मानले. पण लाँड्रीबाहेरची पाटी वाचू गेली तर प्रत्येक अक्षरामागे त्याची सावली उभी होतीच.

जखम पूर्ण भरल्यावर कडक लेन्स मिळाली. ती दिवसातून थोडेच तास सोसवे, आणि ते तास लोकांच्या कोटांत, शालींत जात. संध्याकाळी दादानं शटर अर्धं ओढलं तरी ती खिडकीशीच बसलेली. हातात काम नाही. डोळा लाल झालेला.

"काढ आता ती लेन्स. काय बघतेस एवढं?"

"समोरची विजेची तार."

"त्यात काय बघायचंय?"

"एकच आहे रे," ती म्हणाली. "थोडा वेळ बघू दे ना, दादा."