बाहेरच्या बाजूची कडी

घे लिहायला. मी बोलते तसंच उतरव, मध्ये शाळेतलं काही घुसडू नकोस.

तुला दोन आजोबा. एक रंगारी, तुझ्या बाबांचे वडील. त्यांच्या तोंडाला कुलूप म्हणून नाही. दुसरे सुतार, तुझ्या आईचे वडील, म्हणजे माझे हे. ह्यांच्या तोंडाला कुलूपच कुलूप, आणि चावी मलाही संसार अर्धा झाल्यावर सापडली. आज सांगतेय ते ह्यांचं आहे. गेलेल्या माणसाचं झाकलेलं उघडायला जिवावर येतं, पण हेच शेवटी म्हणाले होते, "पोरीच्या पोरीला सांग. मला तोंडाने जमायचं नाही, तू सांग."

हे दारांचे सुतार. कपाटं, पलंगही करायचे, पण जीव दारात. म्हणायचे, "कपाट वाकडं बसलं तर भिंत सांभाळून घेते. दार वाकडं बसलं की रोज भांडतं." आणि एक खोड होती. आमच्या घराला बाहेरून कडी लावलेली चालायची नाही. लग्न नवीन होतं तेव्हाची गोष्ट. मी शेजारी पीठ आणायला गेले, हे आत झोपलेले, मांजर शिरू नये म्हणून बाहेरून कडी सरकवली. परत येऊन बघते तर हे दाराला पाठ लावून खाली बसलेले, सदरा घामाने भिजलेला. म्हटलं, काय झालं हो? म्हणाले, "काही नाही." आणि हत्यारं काढून ती कडीच उखडून टाकली. मी मनात म्हटलं, सुताराच्या घरात दारांची हौस असायची, इथं उलटंच.

आणि ह्यांचा तो मामा. "आईवडील लहानपणी गेले, मामाकडे वाढलो," एवढंच सांगायचे. लग्नाला मामा आला नाही. विचारलं तर एकदा म्हणाले वारला. पुढे कधीतरी म्हणाले लांब गेला. मी म्हटलं, वारलेला माणूस लांब जाणारच, जवळ कसा राहील? हे हसले नाहीत. मग मीही विचारायचं सोडलं. नवऱ्याच्या आजोळची उठाठेव बायकोने किती करायची.

आता निवाऱ्याचं ऐक. आमच्या वस्तीच्या टोकाला ती जुनी लांबलचक इमारत होती ना, बेघरांचा निवारा. ज्यांच्या डोक्यावर छप्पर नाही त्यांनी दुसरं घर मिळेपर्यंत तिथं राहायचं. वर एक मोठी खोली, खाली एक. कुटुंब आणि कुटुंबाच्या मध्ये काय, तर जुन्या चादरींचे पडदे. छत गळायचं, भिंतीचे पोपडे झोपलेल्यांच्या तोंडावर पडायचे. तिथली देखरेखवाली बाई वर्षानुवर्षं कचेऱ्यांचे उंबरे झिजवत होती. शेवटी सरकारने पैसा मंजूर केला. इमारत नीट करायची आणि त्या मोठ्या खोल्यांच्या लहान खोल्या करायच्या. एका कुटुंबाला एक खोली, एक दार.

झालं, चहाच्या टपरीवर लोकांच्या पोटात दुखायला लागलं. "आमच्या कराचा पैसा, आणि खोल्या ह्यांना." "फुकट राहायचं आणि वर दारं पाहिजेत." "संगमरवरही घाला म्हणावं." मी दूध घ्यायला उभी होते. हे बाकावर बसलेले, आणि सगळ्यांपेक्षा जास्त जोरात मान डोलवत होते. मला नवल वाटलं. हा माणूस कधी कुणाच्या बोलण्याला मान डोलवणारा नाही. घरी येताना म्हटलं, तुम्हाला काय त्या लोकांचं एवढं? म्हणाले, "मला कशाला काय असेल?" आणि झपझप पुढे निघून गेले.

तिथला रंगाचा ठेका मिळाला तुझ्या रंगारी आजोबांना. तुझ्या आईचं लग्न होऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. व्याही आमच्याकडे आले, म्हणाले, "दारांना सुतार हवाय, मी तुमचं नाव दिलंय."

हे म्हणाले, "गुडघे दुखतात हो माझे."

"दारं काय गुडघ्याने बसवता?"

"दुसरा बघा कुणी."

"व्याही, नाव देऊन आलोय. आता माझं नाक कापू नका."

मीही मागे लागले, हातचं काम सोडायचं नाही म्हणून. व्याह्याला नाही म्हणायची सोय कुठे असते? गेले.

काम मात्र असं केलं की बोटाने ढकललं तर दार सुरकन् फिरावं, करकर नाही की कुरकुर नाही. तिथली माणसं तेवढ्या काळापुरती मागच्या अंगणात पत्र्याच्या शेडमध्ये राहत होती. त्यात एक काजवाली होती, शिंप्यांकडून सदरे आणून काजं-बटणं करायची. तिची एक लहान मुलगी. नवरा दारू पिऊन मारायचा म्हणून पोरीला घेऊन निघालेली. ती ह्यांना रोज चहा आणून द्यायची. एकाच स्टीलच्या पेल्यात, स्वतःच्या. येऊन विचारायची, "मिस्त्रीदादा, माझी खोली कुठली?" हे म्हणायचे, "कोपऱ्यातली." रोज विचारायची आणि हे रोज तेच सांगायचे. तिला ते ऐकायलाच आवडत असावं.

दारं लागली, कड्या लागल्या. सरकारी तपासणी व्हायची होती, त्याआधी इंजिनिअर साहेब बघायला आले. देखरेखवाली बाई होती, व्याही शिडीवर होते. काजवाली म्हणाली, "साहेब, मी एकदा आत जाऊन बघू? माझीच आहे ना ती?" साहेब म्हणाले, जा की. ती आत गेली, दार लोटून घेतलं. बाहेर सगळे हसत उभे.

थोडा वेळ गेला. आतून दारावर हात फिरवल्यासारखा आवाज येत होता. मग दार उघडलं, ती बाहेर आली आणि म्हणाली, "कडी सापडत नाही."

कशी सापडणार? कडी बाहेर होती. सगळ्यांनी आधी तिच्या दाराकडे बघितलं, मग ओळीने सगळ्या दारांकडे. सगळ्या कड्या बाहेरच्या बाजूला. नव्याकोऱ्या, चकचकीत. आतून एकही नाही.

साहेब ओरडले नाहीत, ते जास्त वाईट. म्हणाले, "मिस्त्री, अहो हे काय केलंत? हा पैसा मिळालाय तोच मुळी ह्यासाठी. प्रत्येक कुटुंबाला आतून बंद करता येईल असं दार. तपासणीवाल्यांनी हे बघितलं तर पुढचे पैसे अडकतील. मग ही माणसं थंडीभर त्या पत्र्यात. तुम्हाला सांगितलं नव्हतं का?"

तर खरं म्हणजे कुणी सांगितलंच नव्हतं. सांगणारा म्हणाला होता, प्रत्येक दाराला कडी. कडी म्हटल्यावर आतून, हे काय सांगायचं असतं? कोण सुतार राहत्या खोलीला नुसती बाहेरून कडी लावेल?

हे आपल्या हातांकडे बघत उभे. पुटपुटले, "इथं बाहेरूनच असते..."

व्याही शिडीवरून टुणकन् उतरले. त्यांना वाटलं, वय झालं, चूक झाली, आपल्या माणसाला झाकावं. म्हणाले, "साहेब, जन्म गेला ह्यांचा गोदामांची दारं बसवण्यात. हात आपोआप गेला. काय हो व्याही? गोदामाची सवय."

हे म्हणाले, "हो. गोदामाची सवय."

काजवाली म्हणाली, "गोदामात माल कोंडतात, मिस्त्री." दादा नाही म्हणाली. ह्यांच्या शेजारचा पेला उचलला, त्यात अर्धा चहा होता तसाच, आणि पोरीला घेऊन मागे शेडमध्ये निघून गेली.

संध्याकाळी हे घरी आले ते हातपाय न धुता भिंतीला टेकून बसले. तुझी आई माहेरी आलेली नव्हती, दोघंच होतो. म्हणाले, "मी कधी गोदामाचं दार बसवलं आहे का गं?"

मी म्हटलं, मला तरी माहीत नाही.

"मामाही नव्हता कधी."

मग सांगितलं. माझ्याकडे बघून नाही, चुलीकडे बघून. वडील गेल्यावर घरमालकाने मायलेकरांना बाहेर काढलं. आई ह्यांना घेऊन त्याच इमारतीत राहिली, त्याच खालच्या खोलीत, ती जाईपर्यंत. तेव्हाचा राखणदार अंधार पडला की बाहेरून कडी घालायचा. आतले पळतील, चोऱ्या करतील म्हणून. आत एक बादली. सगळ्यांच्या देखत तीच. "मी मोठा झालो तरी आई साडीचा पदर आडोशाला धरायची माझ्यासमोर. बायका तोंड फिरवायच्या. मी लघवी दाबून सकाळपर्यंत जागा राहायचो. आणि कधीकधी राहायची नाही." तेवढा मोठा माणूस, कानशिलं लाल झालेली, जणू आत्ताच चादर ओली झालीय.

म्हणाले, "त्या भिंतीपाशी उभा राहिलो आणि कडी कुठे लावायची हा प्रश्नच पडला नाही मला. त्या घराला कडी बाहेरूनच. तिथंच, तेवढ्याच उंचीवर. दुसरीकडे असते हे डोक्यात आलंच नाही."

मी म्हटलं, उद्या कड्या फिरवा की, झालं.

"कड्या फिरवीन. पण ती बाई समजतेय की मी त्यांना कोंडायला निघालो होतो. टपरीवरच्या लोकांसारखा. आणि मी मान डोलवलीच आहे तिथं." मग म्हणाले, "तिला खरं सांगितलं तर व्याह्यांच्या कानावर जाईल. पोर नुकती त्यांच्या घरात गेलीय. बेघरांच्या निवाऱ्यातल्याची मुलगी, म्हणतील. आयुष्यभर खोटा मामा सांगितला, म्हणतील."

मी म्हटलं, आधी जेवून घ्या. जेवले नाहीत.

दुसऱ्या दिवशी मी डब्याचं निमित्त करून ह्यांच्याबरोबर गेले. जिन्याच्या पायरीवर बसले. हे एकेक कडी काढायचे, आतून लावायचे. बाहेर राहिलेली भोकं व्याही लांबीचा लगदा भरून बुजवायचे आणि वर रंग मारायचे. व्याही बोलत होते, हे नुसते हूं हूं. काजवाली अंगणात सदरे घेऊन बसलेली, इकडे बघतही नव्हती. चहा नव्हता आला.

कोपऱ्यातल्या खोलीपाशी आल्यावर ह्यांनी पेचकस खाली ठेवला. तिला हाक मारली. ती आली, लांबच उभी राहिली. हे दाराकडे तोंड करून बोलले, "गोदाम वगैरे काही नाही. मी इथं राहिलोय. आईबरोबर. तेव्हा बाहेरून कडी घालायचे. माझ्या हाताने तेच केलं. तुम्हाला कोंडायचं मनात नव्हतं."

व्याह्यांचा ब्रश थांबला. रंगाचे थेंब खाली पडत होते, त्यांना भान नव्हतं. मी खाली मान घातली.

काजवाली मागे वळून गेली. मला वाटलं, संपलं. हे परत कडीचे पेच आवळायला लागले. कान तसेच लाल.

व्याही म्हणाले, "म्हणजे मामा नव्हताच?"

"नाही."

"आणि मी लग्नापासून त्याला नावं ठेवतोय, की भाच्याच्या पोरीच्या लग्नाला आला नाही मेला." मग ब्रश बुडवला आणि म्हणाले, "सरका थोडं. तुमच्या डोक्यावर भोक राहिलंय एक." त्यावर पुन्हा कधी बोलले नाहीत. तुझ्या आईलाही सासरी कुणी काही ऐकवलं नाही. एवढा बडबड्या माणूस, पण ते एक पोटात ठेवलं त्यांनी.

तेवढ्यात काजवाली परत आली, हातात तोच पेला. चहा वाफाळता. ह्यांना दिला नाही. म्हणाली, "मिस्त्रीदादा, आधी आत जाऊन कडी लागते का बघा. माझ्या पोरीचा हात पोचेल एवढी खाली आहे का तेही बघा."

हे म्हणाले, "लागते. मीच लावलीय ना."

"तरी बघा."

हे आत गेले. दार लोटलं. कडी सरकल्याचा आवाज आला. मग काही नाही. आम्ही तिघं बाहेर. व्याह्यांनी दार वाजवायला हात उचलला, तर काजवालीने मानेने नको म्हटलं. स्वतःच्याच खोलीबाहेर ती पेला धरून उभी राहिली, एका हातातून दुसऱ्या हातात घेत. चहावर साय धरली.

कडी निघाली. हे बाहेर आले. डोळे पुसलेले कळत होते. कुणाकडे न बघता म्हणाले, "जरा जड जाते. तेल घालायला पाहिजे."

ती म्हणाली, "घाला मग," आणि पेला पुढे केला.