पिवळी गाडी आणि भावाने घातलेला स्पीडब्रेकर

ती घटना आठवली की आजही मी खुर्चीत सरळ होऊन बसतो. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, पण एका गाडीच्या तपासात छाती इतकी धडधडल्याचं मला दुसरं उदाहरण आठवत नाही. निवृत्तीनंतर ओळखीपाळखीची मंडळी फोन करून विचारतात, "साहेब, जुनी परदेशी स्पोर्ट्स कार घेतोय. तुम्ही ती केस केली होती ना? काय काय बघून घेऊ?" मी काही मेकॅनिक नाही. तरी सांगतो, आणि सांगताना पिंपळवंडीकडची ती केस सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. नावं मात्र कोणाचीच घेणार नाही.

मालक टोमॅटो आणि झेंडूचा मोठा बागायतदार. पन्नाशी ओलांडलेला, तालमीत घडलेलं अंग, आवाज लाऊडस्पीकरसारखा. त्याने पुण्याहून एक इटलीची पिवळीधमक गाडी आणली. दहा वर्षं जुनी, दोन मालक आधीच होऊन गेलेले. दोनच सीट, इंजिन पाठीमागे, आणि जमिनीपासून उंची म्हणाल तर जेमतेम चार बोटं. गाडी मळ्यात आली त्या दिवशी आळ्यापासून ओतूरपर्यंतची माणसं बघायला लोटली. बायकांनी ओवाळलं. चाकाखाली लिंबू ठेवायला एक म्हातारी खाली वाकली आणि म्हणाली, "अगं बया, ही तर रांगतीया!" मालकाला त्या दिवशी कोणी आमदारकी देऊ केली असती तरी त्याने नको म्हटलं असतं.

आता पहिली चूक ऐका. गाडी पोचवायला जो मेकॅनिक आला होता, त्याने एकच चावी दिली. दुसरी म्हणे सापडत नाही, मागाहून पाठवतो. मालक म्हणाला, "चालतंय की." साधी मोटारसायकल घेताना दोन्ही चाव्या खिशात पडेपर्यंत न हलणारा हा माणूस! दुसरी चूक अशी, की या गाडीला खड्ड्याशी किंवा चढाशी नाक वर उचलायचं एक बटण असतं. ते बटण बिघडलेलं होतं आणि मेकॅनिकने तोंडातून अवाक्षर काढलं नाही. मालकाने रंग पाहिला, आवाज ऐकला आणि सही ठोकली.

त्या आवाजावरूनच सगळं पेटलं. शेजारी सख्खा चुलतभाऊ. त्याच्या गोठ्यात आठ-दहा गाई. सकाळी नऊच्या सुमारास पिवळी गाडी गरजत गेली की गाई दचकायच्या आणि पान्हा चोरायच्या. त्याने दोनदा सांगून पाहिलं, तिसऱ्यांदा भांडला, आणि एका सकाळी मुरूम-खडी टाकून रस्त्यावर भलामोठा स्पीडब्रेकर घातला. कसली परवानगी नाही, काही नाही. मळ्यातून हायवेकडे जाणारा तेवढाच एक मोकळा रस्ता होता. दुसऱ्या बाजूला दोन जुने ब्रेकर होतेच. त्या दिवसापासून मालकाला गाडी बाहेर काढायची तर रस्त्यावर उतरत्या फळ्या टाकाव्या लागायच्या. दोघंही भाऊ तक्रार घेऊन ठाण्यात आले. मी प्रभारी अधिकारी होतो. मी दोघांनाही झापलं आणि हाकलून दिलं. जाता जाता चुलतभाऊ चार माणसांत बोलून गेला, "ही गाडी हितं ऱ्हायची न्हाई, लिहून ठिवा."

त्यानंतर आठवड्याभरात गाडी गेली.

मालकाचं अख्खं घर मढला लग्नाला गेलं होतं. मालकाने सकाळीच मोबाईलवर स्टेटस टाकलं होतं, सगळ्या कुटुंबाचा फोटो आणि खाली 'निघालो मढला, आज घर रामभरोसे'. संध्याकाळी परतले तेव्हा गाडीच्या शेडचं दार उघडं आणि आत नुसती जमीन. फळ्या मात्र घरातल्या खोलीत कुलपात जशाच्या तशा.

मालक ठाण्यात आला तो भावाचं नाव घेतच. "साहेब, त्यानंच केलंय. लग्नाला सुदीक आला न्हाई तो. आत टाका त्याला!" ठाणे अंमलदाराने फिर्याद नोंदवली, आम्ही हायवेवर नाकाबंदी लावली, टोलनाक्यावरचे कॅमेरे तपासले. संपूर्ण तालुक्यात एकच पिवळी गाडी, आणि ती कोणाच्याच नजरेला पडली नव्हती! मालकाचा दबाव होता, गावात चर्चा होती, वरून साहेबांचे फोन होते. दुसऱ्या दिवशी सकाळी मी चुलतभावाला बोलावून घेतलं.

इथे मला माझीच चूक सांगितली पाहिजे. त्याला बोलवायला मी जीप पाठवली. जीप दारात उभी राहिली, दोन शिपाई उतरले आणि मळ्याने ते पाहिलं. त्या घरात चौथ्या दिवशी मुलीचा साखरपुडा होता. स्वयंपाकाची भांडी येऊन पडली होती. लग्नाला तो गेला नव्हता तो या तयारीमुळेच. मला हे माहीत नव्हतं, पण माहीत करून घेणं हे माझंच काम होतं. त्याला मी तीन तास बाकावर बसवून ठेवलं. तेवढ्यात आंबेगाव तालुक्यातून मुलाकडच्यांचा निरोप आला, की पोलिसांचं काय ते मिटू द्या, मग बघू.

तो निरोप त्याला माझ्यासमोरच फोनवर मिळाला. त्याने फोन खिशात ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं. डोळे भरले होते. "साहेब, गाडी मी न्हेली नाय. पर आता माझी पोर घरात बसली तर मी काय करू, तेवढं सांगा."

मी त्याला चहा मागवला, माझ्या टेबलासमोर बसवलं आणि आवाज खाली आणून विचारलं, "काल दुपारी तुम्ही घरीच होतात. गाडीचा आवाज आला का?"

"आला की. मला वाटलं भाऊच आला लवकर. रागानं खिडकी लावली."

"मग?"

"मग काय? आवाज रस्त्याला गेला आन् मधीच बंद झाला. रोज पार फाट्यापातूर ऐकू येतोय राव! काल ब्रेकरपाशी गेला, दोनदा गुरगुरला, थोडा मागं आला आन् गप. मी म्हनलं, बरं झालं, बिघाडलं वाटतं."

मी खुर्चीवरून उठलोच! ज्या माणसाला त्या आवाजाचा सगळ्यात जास्त त्रास होता, त्याच्याइतका त्या आवाजाचा जाणकार साऱ्या गावात कोण असणार? आम्ही सगळे हायवे धुंडाळत होतो, आणि गाडी ब्रेकरच्या अलीकडेच थांबली होती.

मी मेजर टेप घेतला, हवालदाराला घेतलं आणि तडक मळ्यात गेलो. ब्रेकर मोजला. मालकाला गाडीची उंची विचारली. फळ्यांशिवाय पलीकडे जाणं अशक्य. दुसऱ्या बाजूचे जुने ब्रेकरही मोजले, तेही अशक्य. म्हणजे गाडी जाऊन जाऊन जाणार कुठे? दोन्हीकडच्या ब्रेकरांमध्ये ती कोंडली गेली होती. त्या टप्प्यात चार घरं, दोन गोठे आणि एक बंद पॅकिंग शेड. शेडचा मालक मुंबईला, हंगाम संपलेला, शटरला कधी कुलूप नसायचं. त्या दिवशी मात्र होतं, आणि कोरं करकरीत. हवालदाराने फटीला डोळा लावला आणि लहान मुलासारखा ओरडला, "सायेब, पिवळं हाय!"

गाडीचा मालक कुऱ्हाड घेऊन शटरकडे धावला. मी त्याला दोन्ही हातांनी अडवलं. "गाडी मिळाली, चोर मिळाला का?" तो म्हणाला, "चोर कशाला पायजे? शेडला लागून श्यात कुणाचं हाय, बगा की!" शेत चुलतभावाचंच होतं. नेमकं हेच मला टाळायचं होतं. त्या वेळी शटर फोडलं असतं तर मालकाला गाडी मिळाली असती आणि भावाच्या कपाळावर चोरीचा शिक्का कायमचा बसला असता. पुरावा नसला म्हणून गाव थोडंच थांबतं! मी मालकाला दम भरला, "एक दिवस तोंड बंद ठेवा. गाडी कुठे जात नाही." कुलपाला हात न लावता मी शेतात साध्या वेशातली माणसं बसवली.

तिसऱ्या दिवशी सकाळी स्टेशन डायरी पाहत होतो, तेवढ्यात आळेफाट्यावरच्या लाकडाच्या वखारीतून शेठजींचा फोन आला. मूळचे राजस्थानचे जैन, तीन पिढ्या इथेच, बोली पक्की जुन्नरची. चोरीचा मेसेज सगळ्या ग्रुपांवर फिरला होता.

"साहेब, एक गिऱ्हाईक आत्ताच गेलं. आठ फळ्या घेतल्या, एका बाजूनं उतार मारून. म्हनलं घरकामाला का? तर बोलला नाय. पर मला येगळंच खटकलं."

"काय?"

"भावच केला नाय हो! मी सांगितला तो दिला आन् टेंपोत टाकून चालला. गादीवर बसल्यापून असं गिऱ्हाईक मी बघितलं न्हाई."

मी शेठजींचे आभारही न मानता फोन ठेवला. गुन्हे शोध पथकाला सूचना दिल्या. आमच्या दोन महिला अंमलदार डोक्याला फडकी बांधून ब्रेकरशेजारच्या मेथीत खुरपायला बसल्या. मी आणि हवालदार गोठ्यात गाईंच्या आड. चुलतभाऊ माझ्या शेजारी. त्याला घरात थांबा म्हटलं तर ऐकेना. त्याचा श्वास मला ऐकू येत होता, आणि खरं सांगतो, माझाही त्याला येत असणार.

अकराच्या सुमारास टेंपो आला. दोघे उतरले. एकाने शेडचं कुलूप चावीने उघडलं, शटर वर गेलं आणि त्या इंजिनाने अशी डरकाळी फोडली की माझ्यासमोरची गाय दावं ओढून उभी राहिली. पिवळी गाडी हळूच बाहेर आली. टेंपोवाल्याने ब्रेकरवर फळ्या मांडल्या. पुढची चाकं फळीवर चढली आणि डावीकडची फळी सरकायला लागली. गाडी चालवणाऱ्याने काच खाली केली आणि मेथीतल्या आमच्या अंमलदार बाईला हाक मारली, "मावशी, जरा ही फळी धरता का?"

"धरते की," ती म्हणाली. खुरपं टाकून आली, वाकली, एका हाताने फळी धरली आणि दुसऱ्या हाताने खिडकीतून त्याची कॉलर! मी धावलो, पथक धावलं. टेंपोवाला पळायला गेला तो सरळ चुलतभावाच्या मिठीत. अर्धी गाडी फळ्यांवर, अर्धी रस्त्यावर. तिला ना पुढे जाता येत होतं ना मागे.

गाडीत तोच मेकॅनिक होता. दुसरी चावी त्याच्याच हातात. चौकशीत त्याने फार वेळ खाल्ला नाही. मालकाचं स्टेटस पाहून तो आला होता, हायवेला गाडी वाहून नेणारा ट्रक उभा केला होता. पोचवायला आला तेव्हा रस्ता सपाट होता. हा ब्रेकर पाहून त्याने नाक उचलायचं बटण दाबलं, आणि मग त्याला आठवलं की ते बिघडलंय, आणि हे त्यानेच मालकापासून लपवलंय! गाडी त्या बंद पॅकिंग शेडमध्ये कोंबून, स्वतःचं कुलूप लावून तो मंचरला लॉजवर जाऊन बसला होता. माझ्यापुढे डोकं धरून म्हणाला, "साहेब, हा ब्रेकर इथे आला कधी?"

पंचनामा चालू असताना मालक भावासमोर येऊन उभा राहिला. त्या लाऊडस्पीकरचा आवाज बसला होता. "चुकलं माझं. पाया पडू का?" भाऊ म्हणाला, "माझ्या पाया पडून काय व्हनार? पोरीचं काय ते बग."

मालकाने माझ्याकडे पाहिलं. ते काम मालकाचं नव्हतं, माझं होतं. त्याच दुपारी मी पूर्ण गणवेशात चुलतभावाला जीपमध्ये पुढच्या सीटवर बसवलं, मी मागे बसलो आणि मुलाच्या गावी गेलो. मुलाचे वडील अंगणात आले, गोंधळले. मी सांगितलं, "यांना चौकशीला नेलं ही माझी घाई होती. यांच्यामुळेच चोर सापडला. हे सांगायला मी आलोय." ते म्हणाले, "सायेब, तुमी सोता आला?" आणि आत वळून त्यांनी चहा टाकायला सांगितला. साखरपुडा ठरल्या दिवशी झाला. पाहुण्यांना वाढायला मालक पहिल्या पंगतीपासून शेवटच्या पंगतीपर्यंत उभा होता.

तर अशी गाडी घेणाऱ्यांनो, दोन्ही चाव्या हातात आल्याशिवाय सही करू नका. बाहेरचा मेकॅनिक नेऊन प्रत्येक बटण दाबून बघा. गाडीची उंची मोजा आणि मग आपल्या घरापर्यंतचा रस्ता मोजा. घर बंद असल्याची दवंडी मोबाईलवर पिटू नका. आणि आवाज मोठा असेल तर गाडी घ्यायच्या आधी शेजाऱ्याच्या ओट्यावर जाऊन बसा.

मी जे शिकलो ते मात्र गाड्यांबद्दल नाही. माणसाला ठाण्यात नेताना गाव बघतं. तो सुटतो तेव्हा कोणी बघत नाही, तो एकटाच एसटीने घरी येतो. त्यानंतर निवृत्त होईपर्यंत मी एक नियम पाळला. ज्याला चौकशीला आणलं आणि ज्याचा संबंध निघाला नाही, त्याला मी स्वतः भर दिवसा जीपमधून त्याच्या दारात सोडलं, चार शेजाऱ्यांना हाक मारून बोलावलं आणि सगळ्यांसमोर त्याच्या घरचा चहा घेतला.