पौषातली दूधवाली

एकाहत्तरच्या सुमारास मी संगमनेरला शिक्षक होतो आणि एका अंधाऱ्या खोलीत एकटाच राहत होतो. थंडी पडली की माझं मन खचायचं. सकाळी उठावंसंच वाटेना, शाळेला दांड्या पडू लागल्या.

दूध घालायला पन्नाशीची एक बाई यायची. तिचं नाव मी कधी विचारलं नाही. दाराशी ठेवलेल्या भांड्यात ती मुकाट्यानं दूध ओतून जायची. पौषातल्या एका सकाळी मात्र ती समोरच्या ओट्यावर जाऊन बसली.

"मावशी, दूध घाला ना भांड्यात," मी आतूनच म्हणालो.

"न्हाई घालत. हितं उन्हात येऊन घ्या, मास्तर."

मी चिडतच बाहेर गेलो. तिनं दूध घातलं, पदरानं मापाचा काठ पुसला आणि खाली बघत म्हणाली, "मलाबी थंडीत असंच हुतं. कशातच जीव लागत न्हाई. म्हनून तर म्हस ठेवली. ती निजू देत न्हाई."

पुढची घरं खोळंबली होती, तरी ती माझ्याजवळ बराच वेळ बसून राहिली.

दुसऱ्या दिवशी ती येण्याआधीच मी भांडं घेऊन ओट्यावर बसलो. मन काही हलकं झालं नव्हतं, पण त्या दिवशी शाळेत गेलो.