तिसरा ‘हो’

मला मोटार चालवायला ज्यांनी शिकवलं, त्यांचा परवाना माझ्यामुळे गेला. गुरुदक्षिणेची ही रीत कुठल्या पोथीत सापडायची नाही, पण मी ती पाळली. ही गोष्ट मी पंचवीसेक वर्षं कुणाला सांगितली नाही, आणि तेवढ्याच वर्षांत लोणावळ्यात माझी ख्याती झाली की गाडी चालवावी तर या माणसाने. नात्यातल्या, ओळखीतल्या कुणाला शिकायचं झालं की त्याला माझ्याकडे पाठवतात. मी त्यांना क्लच, गिअर, हाताच्या खुणा सगळं मन लावून शिकवतो. ‘घाबरलात तरी पाय कुठे आहे याचं भान सोडू नका,’ असं फार गंभीरपणे सांगतो. हे मी कुठून शिकलो, ते कुणी विचारत नाही. मीही आग्रह धरत नाही.

तेव्हा मी तेवीस वर्षांचा होतो आणि तुंगार्लीला मुंबईच्या एका शेठजींच्या बंगल्यावर कारकून होतो. शेठजी शनिवारी यायचे, सोमवारी जायचे. मधले दिवस बंगल्यावर मी, माळी, स्वयंपाकाच्या मावशी, एक काळी परदेशी मोटार आणि ती चालवणारे आबा. मोटारीला आबांशिवाय कुणी हात लावायचा नाही, असा शेठजींचा हुकूम होता. असा हुकूम ऐकला की कारकुनाला ड्रायव्हर व्हावंसं वाटतं.

आबा पन्नाशीचे होते. कार्ल्याच्या वरच्या अंगाला डोंगरात त्यांची वाडी. जमीन नाही, गोठा नाही, दारात कधी बैल बांधलेला नाही. लढाईच्या काळात कुणीतरी त्यांना लष्कराच्या लॉरीवर क्लीनर म्हणून नेलं आणि ते ड्रायव्हर होऊन परत आले. चामड्याच्या पाकिटात घालून परवाना ते छातीशी ठेवायचे. वाडीत कुणाकडे सातबारा नव्हता. आबांकडे हा एक सरकारी कागद होता. वाडीतली माणसं तो बघायला मागायची आणि हात पुसून घ्यायची.

मी महिनाभर मागे लागलो. शेवटी आबा म्हणाले, “शिकवतो. पर शेठला कळलं तर दोघंबी जाऊ. तुला लेखणी हाय, मला काय हाय?”

“कळतंय कुणाला, आबा?” मी म्हणालो. माझ्या दूरदृष्टीचा हा पहिला नमुना.

पहिला धडा हँडल मारण्याचा, म्हणजे मोटारीच्या तोंडाशी लोखंडी दांडा फिरवून इंजिन चालू करण्याचा. अंगठा इतर बोटांच्याच बाजूला ठेवायचा, मुठीत धरायचा नाही. इंजिन उलटं फिरलं तर हँडल अंगठा घेऊन जातं. हे मला पहिल्या दिवशी सांगितलं आणि दुसऱ्या दिवशी समजलं. आठवडाभर मी डाव्या हाताने जेवलो. मावशींना सांगितलं, अंगठा दारात सापडला.

मग पायांचं शास्त्र. देवाने पाय दोन दिले आणि साहेबाने मोटारीला पेडल तीन लावले, त्यामुळे एक पाय कायम उधारीवर. क्लच हळू सोडायचा, रेस हळू द्यायची. मी दोन्ही एकदम करायचो. गाडी बेडकासारखी उडी मारून बंद पडायची आणि आबा पुढच्या काचेतून बाहेर बघत म्हणायचे, “व्वा. अजून दोन उड्या मारा कारकूनसाहेब, पुनं आलंच.”

तुंगार्लीच्या चढावर खरी परीक्षा. आबा मागच्या चाकाला चिकटून एक लिंबू ठेवायचे. चढावर थांबलेली गाडी पुढे काढायची आणि लिंबू फुटता कामा नये. क्लच अर्धा, रेस बेताची, आणि नेमक्या क्षणी ब्रेक सोडायचा. मी नेमका क्षण सोडून बाकीचे सगळे क्षण गाठायचो. मावशींच्या टोपलीतली अकरा लिंबं मी या विद्येला वाहिली. बाराव्याला गाडी पुढे गेली. आबांनी लिंबू उचललं, उलटसुलट करून बघितलं आणि खिशात टाकलं. शाबासकी म्हणून एवढंच.

पण माझी एक खोड त्यांना काढता आली नाही. मी शेतकऱ्याच्या घरचा. आठव्या वर्षापासून बैलगाडी हाकलेली. गाडी थांबवायची म्हणजे पाय पुढे ताणून रोवायचे, अंग मागे टाकायचं, कासरा छातीशी ओढायचा आणि पोटातून आवाज काढायचा, ‘हो!’ हे डोक्यात नव्हतं, हाडात होतं. मोटारीतही थांबायचं म्हटलं की मी आधी स्टेअरिंग स्वतःकडे ओढायचो.

“आरं, त्यो कासरा न्हाई!” आबा हातावर चापट मारायचे. “वढून काय व्हनार? चाक काय तुझ्या मांडीवर येनार हाय? ब्रेक पायात हाय, पायात!”

मी मान डोलवायचो. बैलही डोलवतात.

ती वेळ आली भाताच्या झोडणीच्या दिवसांत. चार महिने शिकून झाल्यामुळे मला आता शिकण्यासारखं काही उरलं नव्हतं. वलवणपर्यंतचा रस्ता मला लहान पडायला लागला होता. “कार्ल्यापर्यंत जाऊ,” मी हट्ट धरला. आबा म्हणाले, त्या रस्त्याला लॉऱ्या असतात, अजून महिनाभर थांब. मी म्हणालो, “आबा, तुम्ही उगीच घाबरता.” लष्कराच्या लॉऱ्या चालवलेल्या माणसाला मी हे म्हणालो.

सकाळचे नऊ वाजले असतील. रस्ता मोकळा होता, ऊन कोवळं होतं, आणि मी एका हाताने गाडी चालवत होतो, कारण शेठजींना तसं चालवताना पाहिलं होतं. कार्ल्याच्या अलीकडे डाव्या हाताच्या शेतातून पेंढ्याने भरलेली बैलगाडी रस्त्यावर चढली. ती रस्ता ओलांडून पलीकडे जात होती. आमच्यात भरपूर अंतर होतं. मी नुसता वेग कमी केला असता तरी ती निघून गेली असती.

मी घाबरलो. पाय पुढे ताणून रोवले. उजवा पाय एक्सिलेटरवर होता, तो तिथेच रुतला. अंग मागे टाकलं. स्टेअरिंग दोन्ही हातांनी छातीशी ओढलं. आणि काच खाली असलेल्या त्या मोटारीतून, बेंबीच्या देठापासून ओरडलो, “हो! हो!”

मोटारीने ऐकलं नाही. तिने वेग वाढवला. ऐकलं ते बैलांनी. रस्ता ओलांडत आलेले ते दोन गुणी बैल माझा हुकूम कानी पडताच रस्त्याच्या मधोमध थांबले. गाडीवान वरून “हाण, हाण!” करत होता, पण माझा आवाज मोठा होता.

आबांनी बाजूने हात घालून चाक फिरवलं, म्हणून बैल वाचले. आम्ही पेंढ्यात घुसलो. बैलगाडीची साटी मोडली, गाडीवान वरून खाली आला आणि त्याचा हात मनगटातून मोडला. बैल जागचे हलले नव्हते. त्यांना पुढचा हुकूम मिळाला नव्हता.

पेंढा झटकत आबा खाली उतरले. आधी गाडीवानाला उठवून पेंढ्याआड बांधावर बसवलं, आपल्या उपरण्याने त्याचा हात गळ्यात बांधला. मग माझ्याकडे आले. मी अजून स्टेअरिंग ओढून बसलो होतो.

“उतर. तिकडं बस,” ते म्हणाले. “तुला लायसन न्हाई, तुला आत घालतील. माझ्यापाशी कागद हाय. लय झालं तर शिव्या घालतील, सोडून देतील.”

चांगल्या माणसाने इथे म्हणायचं असतं, ‘नाही आबा, चूक माझी आहे.’ मी चपळाईने पलीकडे जाऊन बसलो. चार महिन्यांत माझ्या पायांनी एवढी चपळाई कधी दाखवली नव्हती.

फौजदारांनी लिहून घेतलं. शेठजींनी आबांना त्याच आठवड्यात काढून टाकलं. प्रकरण पुण्याला परवान्याच्या कचेरीत गेलं आणि महिन्याने आम्हा तिघांना बोलावणं आलं : आबा, गाडीवान आणि शेजारी बसलेला साक्षीदार म्हणून मी. आबांची नोकरी गेलीच होती. परवाना राहिला तर दुसरी मिळणार होती. खंडाळ्याच्या एका बंगल्यावर बोलणं झालं होतं. सगळं त्या दिवसावर होतं. जाताना पॅसेंजरमध्ये मी मनाशी ठरवलं, आज सांगून टाकायचं. तळेगाव गेलं तेव्हा ठाम होतो. देहूरोडला थोडा कमी. पुणं आलं तेव्हा मी विचार करत होतो की आबांना नुसतं समज देऊन सोडतील, मग उगीच दोघांची बेअब्रू कशाला.

कचेरीतला साहेब तसा हसरा माणूस होता. गाडीवानाला विचारलं, बैल मधेच का थांबवलेस?

“म्या न्हाई थांबवलं साहेब. मोटारीतनं कुनीतरी हो-हो केलं.”

साहेब आबांकडे वळला. “गाडी तू चालवत होतास?”

“व्हय साहेब.”

“आणि ब्रेक मारायचा सोडून मोटारीला हो-हो करत होतास?”

आबांनी टोपी काढून हातात घेतली. मग म्हणाले, “व्हय.”

“करून दाखव बरं.”

ज्या माणसाने जन्मात कासरा हातात धरला नव्हता, त्याने त्या कचेरीत, टोपी हातात घेऊन, बैल थांबवायचा आवाज काढायचा प्रयत्न केला. “हू... हू...” असं काहीतरी निघालं. कारकून हसले. शिपाई दारातून डोकावला.

गाडीवान मात्र हसला नाही. “साहेब, त्यो आवाज ह्यो न्हवं. त्यो खणखणीत व्हता. हाडाचा शेतकरी व्हता त्यो.”

गाडीवान सोडला तर खोलीत हाडाचा शेतकरी मी एकटाच होतो, धुतलेला शर्ट घालून. साहेबाने माझ्याकडे बघितलं.

“तुम्ही शेजारी बसला होता ना? हाच चालवत होता?”

“हो,” मी म्हणालो.

या प्रकरणातला माझा हा तिसरा ‘हो’. पहिल्या दोहोंनी बैल थांबले. तिसऱ्याने आबा.

परवाना तीन वर्षांसाठी गेला. मोटारीला हो-हो करणारा माणूस रस्त्यावर नको, असं साहेब म्हणाला, आणि त्यात चूक काढण्यासारखं काही नव्हतं, माणूस सोडून. आबांनी चामड्याचं पाकीट उघडलं, कागद काढून टेबलावर ठेवला आणि रिकामं पाकीट पुन्हा छातीशी ठेवलं. येताना गाडीत ते खिडकीतून बाहेर बघत बसले. मी त्यांना शेंगा घेतल्या. त्यांनी खाल्ल्या नाहीत. मी खाल्ल्या.

तीन वर्षांनी अर्ज करता आला असता. पण तोवर खंडाळ्यापासून वडगावापर्यंत प्रत्येक गॅरेजात, प्रत्येक चहाच्या टपरीवर त्यांचं नाव ‘हो-हो ड्रायव्हर’ पडलं होतं. ते दिसले की पोरं कासरा ओढल्यासारखं करून ‘हो, हो!’ ओरडायची. असल्या माणसाच्या हाती गाडी कोण देणार? आबा बेगडेवाडीकडे लेकीच्या गावी गेले आणि वीटभट्टीवर लागले. रोज एक ट्रक यायचा आणि ते त्यात विटा भरायचे.

शेठजींना नवा ड्रायव्हर हवाच होता. मी रीतसर परवाना काढला. परीक्षेत चढावर गाडी इतकी सफाईने काढली की परीक्षकाने विचारलं, कुणाकडे शिकलात? मी म्हणालो, असाच, बघून बघून.

गेल्या वर्षी मी गेलो बेगडेवाडीला. आता माझी स्वतःची गाडी आहे, भाड्याने चालवतो. आबा पंचाहत्तरीला आलेले, लेकीच्या ओट्यावर बसले होते. ओळखलं. मी पाय धरले, डोळ्यांत पाणी आणलं. ते आपोआपच आलं, पण मी अडवलंही नाही. म्हणालो, “आबा, मला सांगायचंय. त्या दिवशी गाडी मी चालवत होतो.”

आबांनी माझ्याकडे बघितलं. “आरं, मला काय सांगतोस? मी बाजूलाच व्हतो की.”

त्यांची लेक आतून हसली.

“ज्यास्नी ठाव न्हाई त्यास्नी सांग,” आबा म्हणाले. “हितली पोरं अजून हो-हो करत्यात मला. नातवालाबी करत्यात.”

मी म्हणालो, “आबा, बाहेर गाडी आहे. बसा चाकावर, एक चक्कर मारा.”

ते फाटकापर्यंत आले. गाडीभोवती एक फेरी मारली, टायरला पायाने दाबून बघितलं. “लायसन न्हाई माझ्यापाशी,” म्हणाले, आणि परत ओट्यावर जाऊन बसले.

त्याच संध्याकाळी लोणावळ्याच्या स्टँडाजवळ, जिथे आम्ही सगळे जुने ड्रायव्हर चहाला बसतो, तिथे मी उभा राहून सांगितलं. सगळं. लिंबापासून कचेरीपर्यंत. मोटारीला हो-हो करणारा तो मी, आबा नव्हेत. सगळे ऐकत होते. एक म्हातारा लॉरीवाला डोळे पुसायला लागला. मला वाटलं, सुटलो.

“काय मन हाय बगा,” तो इतरांना म्हणाला. “गुरूची अब्रू राखायला मानूस सोताच्या अंगावर घ्यायला निघालाय.”

“अहो, खरंच मी होतो!”

“ऱ्हाऊ द्या भाऊ. तुमी? तुमच्या हातनं आजवर कुत्रं न्हाई मेलं. आमी काय वळखत न्हाई व्हय तुमाला?”

मी शपथ घेतली. त्याला त्यातही माझं मोठं मनच दिसलं. आता ही गोष्ट माझ्या थोरपणाची म्हणून सांगितली जाते, आणि आबांची कीव जरा जास्त केली जाते : असा चेला मिळाला, पण म्हाताऱ्याला साधा ब्रेक मारता आला नाही. म्हणून हे लेखी देतो आहे. यावर तरी विश्वास ठेवावा.

त्या संध्याकाळी कुणीतरी माझ्यासाठी स्पेशल चहा सांगितला, वर मलई घालून. मी नको म्हणायला हवं होतं. गरम होता. प्यालो.