अर्धी नर्स

माझी आई वयाच्या साठाव्या वर्षापर्यंत अर्धी नर्स होती. शब्द माझा नाही, तिचाच. जपानातल्या शोनाईच्या किनाऱ्यावरच्या आमच्या गावात किनुए-सान, म्हणजे किनुएबाई, म्हटलं की लहान पोरं अजून दंड लपवतात, इतक्या सुया तिने या गावाला टोचल्या. पण कागदोपत्री ती 'जुनकान', म्हणजे सहायक नर्स. पूर्ण नर्सचं लायसन्स तोक्योहून मंत्र्यांच्या सहीने येतं, सहायकाचं प्रांताच्या कचेरीतून. काम तेच, बेडपॅन तेच, नाइट ड्युटीही तीच. फक्त सहायकाने डॉक्टरच्या नाहीतर पूर्ण नर्सच्या सांगण्यावरून हात चालवायचा, असा कायदा आहे. आता माझ्या आईने कुणाच्या सांगण्यावरून काही केल्याचं मला तरी आठवत नाही. तिच्या वॉर्डातल्या नव्या पोरी हसत हसत विचारायच्या, "किनुए-सान, मी तुम्हाला काय करायला सांगू?" आई म्हणायची, "पट्टी बदलायला सांग." "बरं, पट्टी बदला." "बदलते." असा कायदा पाळला जायचा.

ही अर्धी नर्स झाली ती पंधराव्या वर्षी. शाळा संपली, घरात खाणारी तोंडं पुष्कळ, म्हणून तिला एका डॉक्टरांच्या घरी राहायला पाठवलं. सकाळी दवाखाना झाडायचा, भात लावायचा, डॉक्टरीणबाईंचं पोर पाठीशी बांधायचं, दुपारी सहायक नर्सच्या शाळेत जायचं आणि संध्याकाळी पेशंट. "नर्सिंग शिकायला गेले आणि आधी लंगोट धुवायला शिकले," असं ती सांगते. तेव्हा सुया फेकायच्या नसत. उकळायच्या, बोथट झाल्या की दगडावर घासायच्या. किनुए-सानने घासलेली सुई दुखायचीच नाही, असं गावातले म्हातारे डोळे मिटून सांगतात. यावर विश्वास ठेवू नका. मी तिच्या हातच्या सुया खाल्लेल्या आहेत.

पुढे ती गावच्या इस्पितळात लागली आणि नर्सांच्या वसतिगृहात राहायला गेली. टोपीला खळ घालून ती खिडकीच्या काचेवर चिकटवायची, वाळली की सोलून काढायची आणि डोक्यावर चढवायची. थंडीत टोप्या काचेलाच गोठायच्या, मग पोरी काचेवर फुंकर मारत उभ्या. रात्री पूर्ण मजल्याला एक नर्स. लग्न करायचं असेल तर नोकरी सोडायची, हा अलिखित नियम. आईने तातामीच्या चटया विणणाऱ्या तोकुजीशी, म्हणजे माझ्या बाबांशी, गुपचूप लग्न केलं आणि वर्षभर कुणाला पत्ता लागू दिला नाही. बाबा वसतिगृहाच्या चटया दुरुस्त करायला यायचे. "त्या वर्षी त्या वसतिगृहाच्या चटया फारच फाटल्या," एवढंच बाबा यावर बोलतात.

तोवर जमाना थोडा बदलला. लग्न चालेल, असं मेट्रन मुरोइबाईंनी जाहीर केलं. पण मूल? दोघी-तिघी एकदम बाळंतपणाला गेल्या तर वॉर्ड कोण सांभाळणार? म्हणून मुलाचा नंबर लावायची पद्धत निघाली. हसू नका, खरंच नंबर. नवीन वर्षाच्या पहिल्या आठवड्यात मेट्रनबाई एका मोठ्या कागदावर उभ्या रेघा ओढायच्या, मध्येमध्ये आडव्या रेघा, आणि खालची टोकं दुमडून ठेवायच्या. प्रत्येकीने वरून एक रेघ निवडायची आणि बोट फिरवत, आडव्या रेघांवरून वळत, खाली उतरायचं. शाळेत पोरं लाडू कुणाला हे ठरवायला खेळतात तोच खेळ. खाली आकडा निघेल त्या क्रमाने दिवस राहायचे. नंबर मोडला तर मांजूचा, म्हणजे गोड सारणाच्या पावांचा, डबा घेऊन प्रत्येक मजल्यावर माफी मागत फिरायचं.

दुसरी रांग होती शाळेची. सहायक नर्सला पूर्ण व्हायचं तर आणखी दोन वर्षं शाळा करून परीक्षेला बसायचं. इस्पितळ वर्षाला एकीलाच सोडायचं. मुलाची रांग आणि शाळेची रांग, दोन्हीकडे एकदम पुढे सरकायचं नाही, एवढी अट होती. आई शाळेच्या रांगेत कित्येक वर्षं उभी होती, आणि शेवटी तिचा पहिला नंबर लागला. मुलाच्या रांगेत तेव्हा ती शेवटून दुसरी. आणि नेमकी त्याच हिवाळ्यात मी पोटात आले.

मुरोइबाईंनी तिला बोलावून विचारलं, "किनुए, शाळा की मूल? संध्याकाळपर्यंत सांग."

"संध्याकाळपर्यंत कशाला? मूल," आई म्हणाली.

मग ती मांजूचा डबा घेऊन चारही मजले फिरली. शाळेचा नंबर मागच्या मुलीला गेला, आई रांगेच्या शेवटी. तिथून ती पुन्हा पुढे सरकते तोवर इस्पितळाने पोरी शाळेत पाठवणंच बंद केलं. ही गोष्ट आमच्या घरात विनोद म्हणूनच सांगितली जाते. बाबा मला 'घुसखोर' म्हणायचे. मीही हसायचे. पण अंगणात तिचा पांढरा युनिफॉर्म वाळत घातलेला दिसला की मला कसंनुसं व्हायचं. माझा काय दोष होता त्यात? काहीच नाही. तरी व्हायचं.

आई अठ्ठावन्न वर्षांची झाली तेव्हा इस्पितळाने एक पत्रक काढलं. साठीला सगळे निवृत्त, आणि त्यानंतर परत घ्यायचं ते फक्त पूर्ण नर्सांना. सहायकांना नाही. आईने ते पत्रक जेवणाच्या टेबलावर आपटलं.

"मी घरी बसणार नाही," ती म्हणाली.

"बसू नकोस. चटया विणायला ये," बाबा म्हणाले.

"तुमच्या चटया तुम्ही विणा. मी परीक्षा देणार आहे."

नुकतीच एक सोय निघाली होती. जुन्या सहायकांना घरी बसून, पोस्टाने अभ्यासक्रम पुरा करून परीक्षेला बसता येणार होतं. दोन वर्षं अभ्यास, आणि साठीच्या आधी एकच परीक्षा. नापास झाली तर घर. अर्ज करायला गेली आणि तिथेच पहिला खोडा. तिचं सहायकाचं लायसन्स अजून माहेरच्या नावाने होतं. लग्नानंतर लगेच बदलून घ्यायचं असतं. आईने घेतलं नव्हतं, कारण तेव्हा नवराच लपवायचा होता. यामागाताच्या प्रांत-कचेरीतल्या कारकुनाने एका कोऱ्या कागदावर उशिराचं कारण लिहून मागितलं. पस्तीस वर्षांचा उशीर. आईने सरळ लिहिलं, "नवरा लपवून ठेवला होता. नंतर कामात राहून गेलं."

कारकून चष्मा वर करून म्हणाला, "हे असं नाही चालणार, मावशी. जरा साधं कारण लिहा."

"खरं आहे ते लिहिलं. याहून साधं काय?"

शेवटी मीच 'नियमाची कल्पना नसल्याने' असं लिहिलं आणि तिला सही करायला लावली. बसमध्ये घरी येईपर्यंत ती माझ्याशी बोलली नाही. तिच्यावर अडाणीपणाचा आळ आणला म्हणे मी.

मग अभ्यास. कोतात्सूत, म्हणजे खाली शेगडी असलेल्या बुटक्या टेबलाच्या दुलईत, पाय घालून, वर पुस्तकांचा ढीग, बाजूला मिठातली वांगी आणि चहा. पाठांतर तिला जमायचं. घोडं अडलं ते निराळ्याच जागी. परीक्षेत प्रसंग देतात: अ-सान, वय बहात्तर, एकटे राहतात, हृदयविकार, काल घरी सोडलं, आज पाय सुजलेत. नर्सने आधी काय करावं? चार पर्याय. आईचा पर्याय ठरलेला. ती अ-सानची काळजी करत बसायची.

"एकटे कसे? मुलगी नाही का त्यांना?"

"आई, ते दिलेलं नाही."

"आणि सोडलं कशाला घरी? कुठल्या गाढवाने सोडलं?"

"आई, अ-सान खरे नाहीत!"

"पाय सुजलेत म्हणतेस आणि खरे नाहीत म्हणतेस?"

पहिल्या सराव परीक्षेत असे सगळे अ-सान आणि ब-सान तिने घालवले. पुस्तक म्हणायचं, आधी निरीक्षण करा. आई म्हणायची, आधी उशी द्या. पुस्तक म्हणायचं, भावना व्यक्त करू द्या. आई म्हणायची, आधी लघवीला लागली आहे का विचारा, म्हणजे अर्ध्या भावना तिथेच जातात. मी फिश मार्केटच्या सोसायटीत हिशेब लिहिते, मला नर्सिंगमधलं ओ की ठो कळत नाही. पण रोज संध्याकाळी मी तिच्यासमोर बसून ओरडायचे, "पुस्तकात काय आहे? तुला काय वाटतं ते नको!" एकदा ती खरंच चिडली आणि पुस्तक मिटून म्हणाली, "मला वाटतं तेच करत आले म्हणून चाळीस वर्षं टिकले." मी म्हणाले, "आणि अर्धीच राहिलीस." बोलून गेले आणि जीभ चावली. आईने वांग्याचा तुकडा तोंडात टाकला, सावकाश चावला आणि पुस्तक पुन्हा उघडलं.

शेवटी युक्ती बाबांनी काढली. ते म्हणाले, "अ-सान हे मुरोइबाईंचे पेशंट आहेत असं समज. मुरोइबाई मागे उभ्या आहेत. आता काय करशील?"

आईने पाठ ताठ केली. मग म्हणाली, "बाईंना आवडेल ते." आणि बरोबर उत्तराला गोल केला.

त्या दिवसापासून आमच्या कोतात्सूभोवती अदृश्य मुरोइबाई उभ्या राहू लागल्या. आईचं अंग आक्रसायचं, पण उत्तरं बरोबर यायची.

परीक्षा फेब्रुवारीत, सेंदाईला; मी सोबतीला. गास्सानच्या डोंगरातून बस, दोन्ही बाजूंना बसपेक्षा उंच बर्फ. स्वतःची भीती घालवायला आई सबंध रस्ता दुसऱ्यांना धीर देत होती. बसमध्ये परीक्षेच्या आणखी तीन पोरी होत्या. एकीला ओकारी येत होती, आईने तिच्या मनगटावर कुठेतरी अंगठा दाबून धरला तो थेट सेंदाईपर्यंत. परीक्षेतून बाहेर आली तेव्हा मी विचारलं, "कशी गेली?"

"एका बाईचा नवरा वारला होता आणि ती जेवत नव्हती," आई म्हणाली. "तिथे मी मुरोइबाईंचं ऐकलं नाही. मला राहवलं नाही."

मला रडू यायचंच बाकी होतं. "एकच ना?"

"एकच. बहुतेक."

निकाल मार्चच्या शेवटच्या आठवड्यात, आणि महिनाअखेर तिची निवृत्ती. वॉर्डात तिच्या निरोपाच्या फुलांची ऑर्डर देऊन झाली होती. निकाल मी सोसायटीच्या कॉम्प्युटरवर बघितला. आकड्यांची लांबलचक भिंत, ती मी वर-खाली करत होते. मागे तीन मच्छीवाले उभे, रबरी बूट घालून, माझ्या खांद्यावरून वाकलेले. नंबर सापडला तेव्हा मी किंचाळले आणि ते तिघे माझ्याहून जोरात ओरडले. मी वॉर्डात फोन लावला. आई म्हणाली, "परत बघ." मी परत बघितलं. "अजून एकदा." अजून एकदा बघितलं. मग ती म्हणाली, "ठेव आता, एक सलाइन संपत आलंय."

इस्पितळाचे व्यवस्थापक नागुमो-सान यांनी तिला बोलावून अभिनंदन केलं आणि डोकं खाजवलं. "किनुए-सान, आता पेच आहे. निवृत्त पूर्ण नर्सला परत घेता येतं. पण तुम्ही पूर्ण नर्स म्हणून निवृत्तच होत नाही आहात, लायसन्स अजून हातात कुठे आहे! नियमाने बसवायचं म्हटलं तर," ते हसले, "तुम्हाला नवी भरती म्हणून यावं लागेल."

त्यांना वाटलं विनोद केला. आई म्हणाली, "किती वाजता यायचं?"

तर महिन्याच्या शेवटच्या दिवशी आईने निरोपाची फुलं घेतली, सगळ्यांनी रडून घेतलं, आणि दुसऱ्या दिवशी, एप्रिलच्या एक तारखेला, ती नव्या भरतीच्या समारंभाला हजर झाली. सुपरमार्केटमधला काळा सूट, पांढरा सदरा, एकवीस-बावीस वर्षांच्या पोरींच्या ओळीत आई. त्यांचीही लायसन्सं अजून यायचीच होती. सगळ्या सारख्या नव्या. नावं पुकारली तशी एकेक पोरगी बारीक आवाजात "हाय!", म्हणजे 'हजर', म्हणत उठली. "त्सुगावा किनुए," म्हटल्यावर आई एवढ्या मोठ्याने ओरडली की इस्पितळाच्या डायरेक्टरांनी माइक लांब केला.

मी मागे बसले होते. अशा समारंभाला नव्या मुलींचे आईवडील येतात, त्यांच्या खुर्च्या वेगळ्या. बाबांनी "मी नवरा, पालक नव्हे" म्हणून यायला नकार दिला, म्हणून पालकांच्या ओळीत मी एकटी. शेजारची बाई कुजबुजली, "तुमची कुठली?" मी बोट दाखवलं. ती बघतच राहिली.

डायरेक्टर आमच्याकडे वळले आणि कमरेतून वाकून म्हणाले, "इतकी वर्षं सांभाळून वाढवलेल्या तुमच्या मुली आजपासून आमच्या हवाली करताय. आम्ही नीट काळजी घेऊ."

सगळे पालक उठले. मीही उठले. वाकले, आणि मला सरळच होता येईना. पस्तीस वर्षं ज्या नर्सला मी अडवून धरलं असं मला वाटत होतं, तिला मी त्या घटकेला स्वतःच्या हाताने पुढे पाठवत होते. माझ्या तोंडून मोठ्याने निघालं, "हिला सांभाळा हो. हिला पुस्तकातलं सांगू नका, हिला येतं."

सगळा हॉल हसला. आईने मान वळवून माझ्याकडे बघितलं. तिचे डोळे भरले होते आणि ती भयंकर रागावलेली होती.

बाहेर आल्यावर ती म्हणाली, "चार लोकांत आईची लाज काढतेस?"

"मी पालक होते. पालक असंच करतात."

तिने माझ्या नाकाखाली रुमाल धरला, आणि लहानपणी धरायची तसंच म्हणाली, "शिंकर." मी शिंकरलं. मग ती घाईघाईने चालू लागली, तिला वॉर्डात पहिल्या दिवशी उशीर करायचा नव्हता.