एक जूनचा केक

माझ्या लेकीच्या, प्रगतीच्या, शाळंचा खर्च एका ख्रिस्ती संस्थेतून कॅनडाची बाई करायची. दोन हजार तीन साली ती आठ वर्साच्या पोरीला भेटायला आमच्या राहू गावाला आली, भलामोठा केक घिऊन. संस्थेच्या ताई म्हणाल्या, "गीताबाई, आज एक जून, प्रगतीचा वाढदिवस! मॅडम मुद्दाम आजचा दिवस गाठून आल्यात."

पोरगी तर झाली चंपाषष्ठीला, मार्गशीर्षात. मेंढरं घिऊन कवठ्याच्या माळावर हुतो तवा, थंडीनं दात वाजत हुते. एक जून ही शाळंत नाव घालताना गुरुजींनी अंदाजानं टाकलेली तारीख. निम्म्या वर्गाची तीच हाय. पर मला इचारतंय कोण? बाईच्या पाकिटात माझ्या पोरीचा फोटो, माझ्याकडं एकबी न्हाई. प्रगतीनं मेणबत्ती फुकली आन् पहिला घास बाईला भरवला. दुसरा मला. लय ग्वाड हुता.

बाई गेली. चंपाषष्ठीला मी दरसालासारखा पाट मांडला, ओवाळायला ताट घेतलं. पोरगी हसली.

"आये, माझा वाढदिवस जूनमधीच झाला की!"